दुमजली घर: आधी दर्शनी भाग ठरवायचा की आधी छप्पर?

पागोळी

देवरुखजवळ आमचं गाव. आबांचं कौलारू घर उतरवून त्याच जागी दुमजली बांधायचं ठरलंय. खाली आई आणि मी, वर भाऊ. तो पनवेलला असतो, निवृत्तीनंतर कायमचा येणार. खर्च निम्मा निम्मा. खोल्यांचा नकाशा एका बैठकीत जमला, अडलंय ते बाहेरून घर कसं दिसावं यावर.

भावाने एलिव्हेशनचं, म्हणजे दर्शनी भागाचं, थ्रीडी चित्र करून आणलंय. सपाट स्लॅब, पांढरे-राखाडी चौकोन एकावर एक, पुढे उभ्या पट्ट्या, वरच्या गॅलरीला काचेचं रेलिंग. खिडक्यांना छज्जा नाही, नऊ इंच बाहेर आलेली नुसती चौकट आहे. चित्र भर उन्हातलं आहे. आमच्याकडे चार महिने पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. त्या पावसात हे घर कसं दिसेल, याचं चित्र कोणी काढलेलं नाही.

शेजारच्या वाडीत असंच घर सहा वर्षांपूर्वी झालं. वास्तुशांतीला मीही म्हटलं, काय देखणं आहे! दुसऱ्याच पावसाळ्यानंतर पॅरापेटवरून, म्हणजे गच्चीच्या कठड्यावरून, आणि खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून काळे ओघळ उतरले, अगदी डोळ्यांतलं काजळ ओघळावं तसे. तिसऱ्या वर्षी वरच्या खोलीत ओल आली. चौथ्या वर्षी स्लॅबवर लोखंडी पाइप उभे करून निळ्या पत्र्याची शेड टाकली. आमच्या भागातल्या बहुतेक स्लॅबांची हीच गत आहे. म्हणजे छप्पर दोनदा बांधायचं, आणि दुसरं कोणी न आखलेलं.

मला ते चित्र शहराची नक्कल वाटतं, आपलं नाही. माझं म्हणणं असं की इथे घराचा चेहरा म्हणजे छप्परच. आधी ते ठरवा, मग खालचं. मला हवंय उतरतं छप्पर, मंगलोरी कौलं, भिंतीबाहेर अडीच फूट आलेली पाखं आणि सांध्यांत दर्जा भरलेला, बिनगिलाव्याचा उघडा चिरा. शाळेची मुलं घेऊन मी दरवर्षी रत्नागिरीत टिळक आळीत लोकमान्यांच्या जन्मघरी जाते. ते घरही दुमजलीच आहे. त्याला वेगळं एलिव्हेशन लागलं नाही, छपराची उतरण आणि सावलीतली पडवी एवढ्यावर ते उभं आहे. माझं कुठे चुकत असेल तर सांगा.

गच्चीवाली

ताई, चुकतंय. स्पष्टच लिहिते.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी तिथेच होते. आधी पाख्याच्या कडेची कौलं उचलली गेली, मग आत वारा शिरला आणि अर्ध्या तासात माजघरावरचं आकाश उघडं पडलं. वासे हलताना जो आवाज येतो तो मी विसरूच शकत नाही. घरात स्लॅब एकच होता, मागच्या न्हाणीघरावरचा. माझं बाळ धरून आम्ही आठ माणसं तिथे दुपारभर उभी होतो. त्यानंतर वडिलांनी सपाट स्लॅबचं घर बांधलं. ते चारचौघांसारखं दिसतं, पण आई त्यात वाऱ्यापावसात झोपते.

दुसरं म्हणजे वाळवण. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, कुरडया हे सगळं कुठे घालणार? अंगणात कोंबड्या आणि कुत्री. आणि वानरांचं काय? एक टोळी छपरावरून गेली की दहा-पंधरा कौलं फुटतात, ती बदलायला वर चढणारा माणूस गावात उरलाय का ते आधी बघा.

घाटावरचा

मी माण तालुक्यातला. दोन गोष्टी.

सपाट छप्पर म्हणजे शहरी नक्कल, हे बरोबर नाही. आमच्याकडची धाब्याची घरं पिढ्यान्‌पिढ्या सपाट. लाकडाच्या कड्या-तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पाऊसच कमी, तिथे उतरण कशाला? रात्री सगळं घर धाब्यावर झोपायचं.

आणि मंगलोरी कौल तुमच्याकडे तरी कुठे मुळातलं? बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात पहिला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा. त्याआधी कोकणात नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, होते, गवताने शाकारलेली घरं होती. तुमच्या पणजोबांच्या काळात मंगलोरी कौल हीच नवी टूम होती. म्हणून म्हणतो, भावाच्या चित्राला ‘आपलं नाही’ म्हणून बाजूला सारू नका. पावसाचा मुद्दा खरा आहे, तोच धरून ठेवा.

पागोळी

@घाटावरचा, मान्य. जुनं म्हणून हवं असं मी पुढे म्हणणार नाही.

@गच्चीवाली, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. वाळवणाचा मुद्दा तर मी विसरलेच होते, आणि आंबापोळी मीच घालते.

साइटवरचा

वीस वर्षं संगमेश्वर-चिपळूण पट्ट्यात बांधकामं घेतोय. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगतो.

घरं गळतात ती सपाट स्लॅबमुळे नाही, सपाट स्लॅब ‘अगदी सपाट’ टाकल्यामुळे. पाण्याला ढाळ देत नाहीत आणि दोन इंची एकच पाइप सोडतात. त्यात पानं अडकली की गच्चीचा हौद होतो. काळे ओघळही टाळता येतात. पॅरापेटचा माथा आतल्या बाजूला उतरता करायचा, म्हणजे त्यावरची धूळ आणि पाणी गच्चीत जातं, दर्शनी भिंतीवर येत नाही. छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोन इंच आत, बोटभर खाच ठेवायची. पाणी तिथे तुटून खाली पडतं, भिंतीकडे सरकत नाही. या खाचेला खर्च नाही, पण चित्रात ती दिसत नाही म्हणून कोणी मागत नाही.

आता कौलांचं. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, सगळं मिळून चाळीस-पंचेचाळीस किलो वजन. तेवढ्याने वादळात छप्पर दबून राहत नाही. कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने बांधाव्याच लागतात, आणि खालचा लोखंडी सांगाडा काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने धरावा लागतो. नुसता भिंतीवर टेकवलेला सांगाडा मी स्वतः उलटा झालेला पाहिलाय. उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा. चित्र छान दिसावं म्हणून कमी केलात तर झडीचं पाणी कौलांखालून वर चढतं.

काही जण उतरता स्लॅब टाकून त्यावर सिमेंटमध्ये कौलं चिकटवतात. माझ्या मते हा सर्वांत वाईट मार्ग. उतारावर काँक्रीट नीट दाबलं जात नाही, ते खाली घसरतं. शिवाय कौल आणि स्लॅब यांच्यात ओल कोंडते. करायचंच तर मध्ये रिपा, म्हणजे लांब पट्ट्या, मारून हवा खेळती ठेवा.

आणि चिरा. सगळा चिरा उघडा ठेवण्याच्या लायकीचा नसतो. खाणीवर जाऊन बघा. पांढरट मातीची भोकं जास्त दिसली तर तो गिलाव्याखालीच बरा. चांगला निघाला तरी जोत्यावरचे पहिले दोन थर पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी हिरवे होतातच, तिथे काळा दगड लावा. दुमजली आहे, तर खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून काँक्रीटचा पट्टा फिरवायला विसरू नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप चिपळूणकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो.

पनवेलकर

मी तुमच्या भावाच्या जागी होतो, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे दर मे महिन्यात कौलं परतायची. अकरावीत असताना मी वर होतो आणि वडील शिडीवर. शिडी सरकली. खुब्याचं हाड मोडलं, ते पुन्हा नीट चालले नाहीत. तुम्हाला कौलारू घर पागोळ्यांचं आठवतं, मला शिडीचं आठवतं. शिवाय त्या घरात उजेड नव्हता, पावसात तर दुपारी चारला दिवा लागायचा. पुढे स्वतःचं घर बांधलं तेव्हा मला मोठ्या खिडक्या आणि पांढऱ्या भिंती हव्या होत्या. लोकांना ते शहराचं अनुकरण वाटलं असेल. मला तो अंधारातून बाहेर पडण्याचा मार्ग होता.

भावाला एकदा नीट विचारा, त्या चित्रात त्याला नेमकं काय आवडलं.

गच्चीवाली

@पनवेलकर, अगदी हेच. आणि उघड्या चिऱ्याबद्दल: गावात अजून विचारतात, ‘गिलाव्याला पैसे पुरले नाहीत का?’ शहरातून आलेल्याला तो दगड सुंदर वाटतो. ज्याने तो गरिबीत बघितलाय त्याला नाही वाटत.

पागोळी

काल रात्री भावाला फोन केला आणि पनवेलकरांचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “मला माझ्या खोलीत उजेड हवाय गं, आणि मी आल्यावर वर चढायला लागू नये.” चौकोन, राखाडी रंग, उभ्या पट्ट्या यांतलं एकही नाव त्याने घेतलं नाही. इतके दिवस मी त्याच्याशी चित्रावरूनच भांडत होते.

मग कागद घेऊन बसले. पुढच्या दोन खोल्यांवर आणि गॅलरीवर उतरतं छप्पर, सांगाडा पट्ट्यात धरलेला, कडेच्या ओळी तारेने बांधलेल्या. मागे स्वयंपाकघरावर पंधरा बाय बारा फुटांचा स्लॅब, ढाळ देऊन, दोन चार-इंची पाइप सोडून. वाळवण तिथे, वादळात माणसंही तिथेच. त्याच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी, दोन फुटी छज्जा आणि खाचेसकट. छपरात चार काचेची कौलं. जिना बाहेरून, म्हणजे दोन्ही बिऱ्हाडं आपापल्या वेळेने, पण त्यावरही छप्पर, नाहीतर पावसाळाभर वर जायला छत्री लागेल. चिरा फक्त पुढच्या पडवीच्या भिंतीला उघडा, बाकी गिलावा आणि पांढरा रंग. आईला विचारलं तर तीही गिलाव्याच्याच बाजूने निघाली.

काचेच्या रेलिंगवर मात्र तो हटून बसलाय, आणि मीही. @साइटवरचा, लोखंडी उभे गज लावले तर इतक्या पावसात किती वर्षांनी रंग काढावा लागेल?

साइटवरचा

आधी रेड ऑक्साइडचे दोन हात दिलेत आणि वर पाखं असली तर चार-पाच वर्षं बघायला नको. काच लावली तर दर आठवड्याला पुसावी लागेल, ते काम कोण करणार हे आधी दोघांत ठरवा. स्टेनलेस स्टीलचं म्हणाल तर ३०४ ग्रेडच घ्या, २०२ वर दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके येतात. चिरा कुठल्या खाणीचा घेताय तेवढं कळवा. एक नमुना मागवून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी किती पाणी प्यायलाय ते बघून सांगतो.