ग्रबमध्ये जुना कर्नल कायमचा डिफॉल्ट कसा ठेवायचा? मदत हवी आहे

दुकानातल्या बिलिंगच्या पीसीवर उबुंटू २२.०४ आहे, कर्नल (सिस्टिमचा गाभा) दोन, ५.१५ आणि ६.८; पीसी चालू होताना त्यातला कोणता घ्यायचा ते ग्रब हा बूट मेन्यू ठरवतो. वायफाय डाँगलचा बाहेरून टाकलेला ड्रायव्हर ६.८ वर कंपाइलच होत नाही, म्हणून ५.१५ वरच बूट व्हायला हवं. ६.८ काढून टाका म्हणू नका, नवीन मॉनिटरचा एचडीएमआय आवाज फक्त त्याच्यावर येतो, कधीकधी लागतो. आणि पीसी बाबा चालू करतात, त्यामुळे दर वेळी मेन्यूतून निवडणं शक्य नाही.

ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये "१>२" टाकून अपडेट-ग्रब (बदल लागू करणारी कमांड) मारलं, मस्त चाललं, पण पुढच्या अपडेटला ६.८ चं अजून एक व्हर्जन यादीत वर येऊन बसलं, क्रम सरकला आणि परत ६.८! (नुसतं २ टाकून उपयोग नाही, ५.१५ आतल्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स या सबमेन्यूमध्ये असतो.) आता नंबरऐवजी मेन्यूएन्ट्रीचा (यादीतल्या नोंदीचा) पूर्ण आयडी टाकलाय, सबमेन्यूचा आयडी, मग > आणि मग कर्नलचा, ते व्यवस्थित चालतंय. पण त्या आयडीत ५.१५ चं पूर्ण व्हर्जन लिहिलेलं असतं, म्हणजे सिक्युरिटी अपडेट आलं की जुन्यावरच अडकणार, आणि तो जुना ऑटोरिमूव्हमध्ये (नको असलेली जुनी पॅकेजेस काढताना) उडाला तर डिफॉल्टच सापडणार नाही. होल्ड लावून अपडेट बंद करायचे नाहीयेत.

तर दर अपडेटनंतर ५.१५ मधला सगळ्यात नवीन कर्नल आपोआप डिफॉल्ट होईल असं काही करता येतं का, की कर्नल इन्स्टॉल झाल्यावर चालणारी स्क्रिप्ट स्वतःच लिहावी लागेल?