मदत हवी आहे : गरोदर बायकांवरच्या संशोधनाला देणगी, हप्ते कसे बांधावेत?

आमच्या ट्रस्टची नोंदणी कोल्हापूरच्या धर्मादाय कार्यालयात आहे, कार्यक्षेत्र कोल्हापूर आणि बेळगाव जिल्हे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयावरच्या अभ्यासाला दोन वर्षांत 6 लाख द्यायचे आहेत. हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहसाठा) तपासणी आणि पुढे बाळाच्या जन्मवजनापर्यंत पाठपुरावा. नवं औषध नाही, लोह-फॉलिकच्या सरकारी गोळ्या चालूच राहतील. विदेशी पैसा नाही, म्हणून एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खालची परवानगी नको. एथिक्स समितीची मंजुरी झाली आहे. सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) मधली नोंदणी पहिली बाई अभ्यासात घेण्याआधी होईल.

अडचण पैशांच्या हप्त्यांची. अभ्यास करणाऱ्या कॉलेजच्या कराराच्या मसुद्यात निम्मे आधी, निम्मे सगळ्या बायकांची नोंदणी झाल्यावर. पण बाळंतपणाला लेकी माहेरी जातात, बऱ्याच महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजकडे. राज्य बदललं की इथल्या आशाताईंच्या वहीत जन्मवजन येतच नाही, आणि अभ्यासाचा गाभाच तो आहे! शेवटचे 20 टक्के जन्मवजनाच्या नोंदींवर ठेवा म्हटलं, तर क्षेत्रसेविकांचे पगार अडतील असं उत्तर आलं. तेही खरंच. माहेरचा पत्ता आणि फोन पहिल्याच भेटीत घ्यायचं मात्र मान्य झालंय.

दुसरं, ट्रस्टच्या उद्देशांत फक्त ‘गरीब रुग्णांना वैद्यकीय मदत’ आहे. त्यात संशोधन बसतं, की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 50अ खाली ट्रस्टच्या योजनेत (नियमावलीत) बदल करून घ्यावा लागेल? आणि पगार न अडकवता शेवटचा हप्ता पाठपुराव्याला बांधणारं कलम कुणी करारात घातलंय का, नेमक्या कोणत्या शब्दांत?