गट-मांडणी म्हणजे खिचडी नव्हे

काही जण म्हणतात की आर्ट फेअरमध्ये, म्हणजे गॅलऱ्या भाड्याच्या बूथमध्ये चित्रं विकायला मांडतात त्या मेळ्यात, त्या आठ-दहा चित्रकारांची खिचडी मांडतात, त्यापेक्षा एकाचंच काम लावावं. मला हे पटत नाही. दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर (2008 साली सुरू झाला तेव्हा इंडिया आर्ट समिट) असो की बाहेरचे, बूथचं भाडं जागेच्या मापावर ठरतं आणि ते चार दिवसांत वसूल व्हावं लागतं. नावाजलेल्या चित्रकाराची दोन कामं विकली गेली तरच शेजारी एखाद्या नवख्याचं भलंमोठं, न खपणारं इन्स्टॉलेशन (जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती) लावायची हिंमत होते. एकल बूथमध्ये हा नवखा दिसलाच नसता.

खरी कसोटी मांडणीची. चांगल्या बूथमध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेमीवर, म्हणजे नजरेच्या रेषेत असतो. लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेकडच्या भिंतीवर लांबून खेचणारं एकच मोठं काम, आणि कागदावरची बारीक रेखाटनं आत, जिथे माणूस थांबतो. कोणाशेजारी कोण, हे एकाच माणसाने ठरवलेलं असतं.

नाशकात आपण चित्रकार मिळून गट-प्रदर्शन करतो तेव्हा हॉलचं भाडं सारखं वाटून घेतो, आणि त्याच हिशेबाने भिंतही. मग घाटाच्या जलरंगाला चिकटून अमूर्त कॅनव्हास येतो आणि दोन्ही मरतात. भाडं वाटा, भिंत वाटू नका! पुढच्या वेळी मांडणी एकाच्या हाती द्या, ज्याचं स्वतःचं चित्र त्यात नाही अशाच्या. हातोडी-खिळे घेऊन मदतीला मी येतो.