बुलेट ट्रेन आठवीला कशी शिकवू? (मदत हवी आहे)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज नड आली म्हणून धागा काढतेय.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी गणित-विज्ञान शिकवते. यंदा विज्ञान दिनासाठी आमच्या वाट्याला 'मुंबई-अहमदाबाद हायस्पीड रेल्वे' हा विषय आलाय. आठवीचा वर्ग, चौतीस मुलं, तीन तासिका, आणि शेवटी पालकांपुढे काहीतरी करून दाखवायचं. खर्चाला पाचशे रुपये मिळालेत. त्यातले दीडशे चहा-बिस्किटांना जाणार, हे विषय ठरायच्या आधी ठरलं होतं.

पहिली तासिका झाली आणि पार फसली. बाहेरून एक पाहुणे आले होते. माणूस सज्जन, तयारीही भरपूर. पडद्यावर एकामागून एक आकडे: ५०८ किलोमीटर, १२ स्थानकं, ताशी ३२० चा वेग, एक लाख आठ हजार कोटींचा मूळ अंदाजित खर्च. चौथ्या स्लाइडला मागच्या बाकावर पेन-फाइट सुरू झाली. आकड्यांत चूक काही नव्हती, पण आमच्या पोरांना त्यातलं धरायचं काय?

शेवटी पाहुण्यांनी विचारलं, काही शंका? एक पोरगा उठला. "सर, ती गाडी हितं थांबतीया काय?" नाही म्हणाले. "मग आमी कशाला शिकायचं?" वर्ग हसला, पाहुणेही हसले. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "येवढं लांब रूळ टाकाय जमीन कुणाची घेतली?" यावर मात्र कुणी हसलं नाही. कित्तूरवरून धारवाडला जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाच्या जमिनीवरून आमच्या भागात काय चाललंय ते इथल्या बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. तिच्या घरचं शेत त्या मोजणीत आहे आणि अख्ख्या वर्गाला ते ठाऊक आहे. पाहुणे "चांगला प्रश्न आहे" म्हणाले आणि आभारप्रदर्शन झालं.

दुसऱ्या दिवशी मी हात वर करायला सांगितले. रेल्वेत कोण कोण बसलंय? चौतीसातले अकरा. मुलींत तर तिघीच. बायकांना सरकारी बस फुकट झाल्यापासून तिकीट काढून रेल्वेनं कोण जातंय! पण गंमत अशी की रूळ शाळेच्या मागं किलोमीटरभरावर आहेत. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मालगाडी गेली की पॅसेंजर, हे यातली निम्मी पोरं आवाजावरून सांगतील. एखादी एक्सप्रेस जाताना खेळाचा तास आपोआप थांबतो.

तर मला हवंय ते असं. पाचशेत (खरं तर साडेतीनशेत) बसतील असे हातानं करायचे दोन-तीन प्रयोग. पडद्यावरचं काही नको. वेग, गेज (दोन रुळांमधलं अंतर), बोगदा, भूकंप यातलं काहीही चालेल. 'व्हायाडक्ट'ला मुलांना कळेल असा शब्द सुचवा. मी 'उन्नत मार्ग' म्हटलं तर एकानं "उन्नती मार्ग" लिहून घेतलं. आणि मुख्य म्हणजे त्या जमिनीच्या प्रश्नाला मी वर्गात हात घालू का? घातला तर कसा? मी प्रकल्पाची प्रचारक नाही आणि विरोधकही नाही. सरकारी पगारावर आहे, एवढं लक्षात ठेवून सांगा.

सीमाप्रश्नावर दुसरा धागा आहे, कृपया तिकडे.

लोंढा पॅसेंजर:
टीचर, व्हायाडक्टला 'खांबांवरचा पूल' म्हणा आणि मोकळ्या व्हा. समितीनं केलेला शब्द परीक्षेत लिहायला ठेवा.

गेजसाठी सुतळी घ्या, वीस रुपयांची पुरेल. मैदानात फक्कीनं एक सरळ रेघ मारा. तिच्यापासून १००० मिलिमीटरवर दुसरी, १४३५ वर तिसरी, १६७६ वर चौथी. पहिलं अंतर म्हणजे आपली जुनी मीटरगेज. मिरज-बेळगाव-लोंढा लाईन नव्वदच्या दशकापर्यंत तीच होती, घरोघरी आजोबांना आठवत असेल. शेवटचं म्हणजे आजची ब्रॉडगेज. आणि मधलं, १४३५, ते बुलेट ट्रेनचं. मुलांना आधी अंदाज करू द्या. सगळी पोरं म्हणणार, वेग जास्त म्हणजे रूळही जास्त रुंद. तिथं त्यांना उभं करायचं आणि विचारायचं, मग असं का?

जपाननं १ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो-ओसाका शिंकान्सेन (त्यांची बुलेट ट्रेन) सुरू केली, तेव्हा त्यांची जुनी रेल्वे १०६७ ची होती. त्यांच्यासाठी १४३५ म्हणजे रुंद झालं! आपण त्यांचं तंत्र घेतलं, म्हणून आपल्याला ते अरुंद. रुंदीपेक्षा वळणं महत्त्वाची. त्या पहिल्या मार्गावर वळणाची त्रिज्या साधारण २५०० मीटर, पुढच्या मार्गांवर ४००० केली. लोंढ्याहून कॅसलरॉक-दूधसागरकडे गेलेल्यांना वळण म्हणजे काय ते सांगायला नको. तिथं चढही ३७ ला १ आहे.

शंकासुर:
आधी आमची पॅसेंजर वेळेवर सोडा म्हणावं, मग बुलेट शिकवा. 😀

धागाकर्ती:
शंकासुर, हे वाक्य मुलांनी तुमच्याआधी म्हटलंय. पुढचं बोला.

खडी आणि स्लीपर:
तीस वर्षं रुळांवर काढली, म्हणून चार शब्द.

वेग मोजायला लावा, वाचायला नको. रेल्वे गेटच्या बाहेर, गेटमनला सांगून, बंद गेटापासून चांगलं दहा-पंधरा पावलं मागं उभं राहायचं. रुळाजवळ एकही पोर जाता कामा नये, हे पहिलं. पलीकडचा एक खांब धरायचा. पहिला डबा खांबाशी आला की घड्याळ सुरू, शेवटचा गेला की बंद. नव्या एलएचबी डब्याची लांबी सुमारे २४ मीटर धरा. डबे गुणिले २४ भागिले सेकंद, आलेल्याला ३.६ नं गुणा. झाला ताशी वेग. इंजिन मोजायचं नाही, त्याची लांबी वेगळी. दोन मुलांनी डबे मोजायचे, कारण एकाचं हमखास चुकतं. माझंही चुकायचं.

आणि ३२० म्हणजे सेकंदाला जवळजवळ ८९ मीटर. बेळगाव ते खानापूर पाच मिनिटांच्या आत.

दुसरं. बुलेट ट्रेनच्या बहुतेक मार्गावर खडी नाही, काँक्रीटच्या लाद्या आहेत. त्याखाली खांबांवरचा पूल, त्याचा एकेक गाळा ४० मीटरचा आणि ९७० टन वजनाचा. तो अख्खाच्या अख्खा ओतून, उचलून खांबांवर ठेवतात. ९७० टन असं नुसतं सांगू नका. उसानं भरलेला ट्रक सोळा-वीस टनांचा धरला तर असे पन्नास-साठ ट्रक एकदम उचलल्यासारखं झालं. ऊस तुमच्या पोरांना कळतोय.

मलप्रभाकाठी:
बोगद्यासाठी माझी सूचना. गाडी वेगानं बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जाते आणि दुसऱ्या टोकाला बार उडाल्यासारखा आवाज होतो. जपानमध्ये लोक यावरून तक्रारी करायचे. तिथले अभियंते एइजी नाकात्सु यांना पक्षीनिरीक्षणाचा नाद. त्यांनी ५०० सिरीजच्या गाडीचं नाक खंड्याच्या चोचीवरून घेतलं. १९९७ पासून ती गाडी धावली.

तुमच्याकडे कणकुंबीपासून निघालेली मलप्रभा आहे, खंड्या पोरांनी रोज बघितलेला असणार. बादली भरून पाणी घ्या. सारख्या वजनाचे दोन लाकडी तुकडे, एक सपाट तोंडाचा, एक चोचीसारखा तासलेला. एकाच उंचीवरून सोडा आणि कोणता जास्त पाणी उडवतो ते जमिनीवर शिंतोड्यांच्या वर्तुळानं मोजा. खर्च शून्य.

मुंबईतून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा आहे आणि त्यातला सात किलोमीटर ठाणे खाडीच्या खालून. म्हणजे बोगद्याचा प्रश्न नुसता जपानचा नाही.

पालघरकर:
जमिनीच्या प्रश्नाबद्दल मी बोलतो, कारण आम्ही त्यातून गेलोय. टीचर, टाळू नका. टाळलं की मुलं समजायचं ते समजतात.

बाजू सांगू नका, मोजायला द्या. खांबांवरून नेल्यामुळे मार्गाला साधारण १७.५ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. भराव घालून नेला असता तर सुमारे ३६ मीटर. तुमच्या त्याच सुतळीनं मैदानात १७.५ मीटर आखा. शंभर मीटर लांबी धरली तर सव्वासतरा गुंठे, आणि भरावाच्या मार्गाला साडेपस्तीस. आता विचारा, कुणाच्या घरी एकूण किती गुंठे आहेत? (मोठ्यानं उत्तर नको, वहीत लिहू दे.) पट्टा शेताच्या कडेनं गेला तर काय, मधून गेला तर काय, ते कागदावर काढू दे. मधून गेला की दोन्ही तुकड्यांना बांध, पाणी, वाट सगळं वेगळं लागतं. हे नकाशात दिसत नाही, शेतकऱ्याच्या पोराला लगेच दिसतं.

आमच्याकडे कितीतरी ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. २०१३ चा भूसंपादन कायदा, मोबदला, पुनर्वसन हे शब्द आमच्या म्हाताऱ्यांना पाठ झाले. काहींना चांगले पैसे मिळाले, हेही खरं. खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला धक्का नको म्हणून बोगदा पाण्याखालून नेला. आणि याच प्रकल्पासाठी कांदळवन तोडायची परवानगीही २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दिली. दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगा.

वर्गात लुटुपुटीची ग्रामसभा घ्या. फक्त त्या मुलीला शेतकरी करू नका. तिला अभियंता करा.

धागाकर्ती:
पालघरकर, शेवटच्या ओळीसाठी वेगळे आभार. मी नेमकं उलटं करणार होते.

शंकासुर:
बरं, आता गंभीरपणे. भूकंपाचं कुणीच बोललं नाही. या मार्गासाठी २८ भूकंपमापक आहेत, त्यातले सहा मार्गापासून लांब. रत्नागिरी, लातूर, जुनं भूज ही त्यातली नावं. लातूर कशाला, असं मुलं विचारतील. घरातल्या कुणालाही १९९३ चं किल्लारी विचारा म्हणावं.

खेळ सोपा आहे. पोरं एका रांगेत हात धरून उभी. पहिल्या टोकाकडून हात दाबत जायचं, पटापट. ही पहिली लाट, वेगवान पण फारसं नुकसान न करणारी. थोड्या वेळानं त्याच टोकाकडून दुसरी, डुलत डुलत येणारी. नुकसान करते ती हीच. रांगेच्या शेवटी एक पोरगं स्विच धरून. हात दाबला गेला की दिवा बंद. वीज तुटली, गाडीचे ब्रेक लागायला सुरुवात झाली आणि मोठी लाट अजून वाटेतच आहे.

धागाकर्ती:
मंडळी, अहवाल.

सुतळी खूप चालली. १४३५ ला एकजण म्हणाला, "टीचर, मोजताना चुकलाय तुमी." तीनदा मोजलं. मीटरगेजच्या रेघेवर शिपाईमामा येऊन उभे राहिले आणि धुराच्या गाडीतून मिरजेला लग्नाला गेल्याची गोष्ट पंधरा मिनिटं सांगितली. ती तासिका त्यांचीच झाली म्हणायला हरकत नाही.

खंड्याचा प्रयोग फसला. लाकूड ओलं होतं आणि बादलीला भोक. शुक्रवारी परत.

गेटावर मात्र काय सांगू! पालकांच्या चिठ्ठ्या घेतल्या, दोन शिक्षक बरोबर, गेटमनना आधी भेटून आलो. तेवीस मिनिटं उन्हात उभे होतो. घड्याळ दिलं होतं "आमी कशाला शिकायचं" वाल्याला, मुद्दाम. गाडी आली तशी त्याचा अंगठा पांढरा पडेपर्यंत बटणावर दाबलेला. डबे बावीस, मोजणारे दोघं होते आणि चक्क दोघांचं जुळलं. २४ सेकंद. तिथंच मातीत काडीनं गणित केलं: ५२८ भागिले २४, बावीस. गुणिले ३.६, ताशी ७९ आणि थोडं वर. मग त्यानंच ३२० ला ७९ नं भागलं आणि ओरडला, "चौपट! टीचर, बरोबर चौपट!" गेटमन हसत होते.

ग्रामसभा काल झाली. ती मुलगी अभियंता झाली आणि तिनं सभेला पहिला प्रश्न केला, "तुमच्या शेताला वाट कुठनं पाहिजे, ते आधी सांगा." पालकांपुढे हेच करणार आहोत. हेडमास्तरांनी मान डोलावलीय, पण 'मोबदला' शब्द जरा जपून म्हणालेत.

आता नवीन मदत हवी आहे. घड्याळवाला पोरगा परत येताना विचारत होता की ७९ नं येणाऱ्या गाडीपुढं म्हैस आली तर थांबायला किती लांब लागतं, आणि ३२० ला चौपट लागतं की जास्त? मी त्याला वेगाचा वर्ग घे म्हटलं, म्हणजे सोळापट. पण ब्रेक दोन्ही गाड्यांचे सारखे नसणार, तेव्हा हे उत्तर अर्धंच आहे हे मलाही कळतंय. खडी आणि स्लीपर, आहात का? सोमवारी पहिल्याच तासाला तो विचारणार.