नूमाच्या नावावरच्या संस्था: हिशोब जुळत नाही

प्रश्न: रोमचा दुसरा राजा नूमा पॉम्पिलियस (परंपरेनुसार इ.स.पू. ७१५ ते ६७३) याबद्दल दोन शंका आहेत.
एक, ३०४ दिवसांचं वर्ष त्याने ३५५ दिवसांचं केलं म्हणतात. वाढले ५१. पण जानेवारीचे २९ आणि फेब्रुवारीचे २८ मिळून ५७ होतात. वरचे सहा कुठून आले?
दोन, चुलीच्या अग्नीची देवी वेस्टा हिच्या कुमारिका, म्हणजे अविवाहित पुजारिणी, त्याने नेमल्या, तर रोमचा पहिला राजा रोम्युलस याची आई रिया सिल्व्हिया आधीच वेस्टाची कुमारिका कशी?

प्रतिसाद १: सहा दिवस जुन्याच महिन्यांतून काढलेत. जुन्या दहा महिन्यांपैकी चार ३१ चे, सहा ३० चे. रोमन लेखक मॅक्रोबियस सांगतो तो हिशोब असा: ३०४ मध्ये ५० मिळवून वर्ष ३५४ चं केलं. मग ३० च्या प्रत्येक महिन्यातला एकेक दिवस काढला. ५० अधिक ६ म्हणजे ५६, त्यातून २८-२८ चे दोन महिने. सम आकडा अशुभ, म्हणून जानेवारीला आणखी एक दिवस दिला आणि वर्ष ३५५ चं झालं. फेब्रुवारी शुद्धीचा आणि पितरांचा महिना, तो समच ठेवला.

खरी गोची पुढे आहे. एक वर्षाआड २२ किंवा २३ दिवस जास्तीचे घालायचे, म्हणजे चार वर्षांचे १४६५ दिवस. सरासरी ३६६¼, दरवर्षी साधारण एक दिवस जास्त! त्यात दिवस कधी घालायचे ते पाँटिफ (रोमचे प्रमुख पुरोहित) ठरवणार. मर्जीतल्या अधिकाऱ्याची मुदत लांबवायला ही सोय फारच उपयोगी पडली. यादवीत अधिक महिने राहून गेले आणि शेवटी सीझरला इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं.

प्रतिसाद २: कुमारिकांबद्दल: रोमन इतिहासकार लिव्हीच्या मते हे पौरोहित्य मूळचं रोमजवळच्या आल्बा लाँगा या जुन्या शहराचं, नूमाने ते रोममध्ये आणलं. रिया सिल्व्हिया आल्बाचीच, त्यामुळे विरोध उरत नाही. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क नूमाच्या वेळच्या चौघींची नावंही देतो: गेगानिया, वेरेनिया, कानुलेया, टार्पेया. पुढे संख्या सहा झाली. सेवा ३० वर्षं: दहा शिकण्यात, दहा प्रत्यक्ष कामात, दहा शिकवण्यात.

वेस्टाच्या मंदिरातला अखंड अग्नी विझला तर जबाबदार कुमारिकेला पाँटिफ फटके मारी. नवा अग्नी शुभ मानलेल्या झाडाच्या लाकडावर घर्षणाने पेटवायचा आणि काशाच्या चाळणीतून मंदिरात न्यायचा, असं रोमन कोशकार फेस्टस लिहितो. प्लुटार्क मात्र सूर्यकिरण एकवटून पेटवण्याची रीत सांगतो. दोन्ही वर्णनं नूमानंतर कित्येक शतकांनी लिहिलेली आहेत, हे ध्यानात असू द्या.

प्रतिसाद ३: वरचं पटतं, पण यातलं ‘नूमाने केलं’ किती? एखादी प्रथा फार जुनी वाटली की ती नूमाच्या खात्यावर टाकायची, ही रोमनांची जुनी खोड. इ.स.पू. १८१ मध्ये जानिक्युलम टेकडीच्या पायथ्याशी दगडी पेट्या सापडल्या. नूमाच्या नावाची पेटी रिकामी, दुसरीत ग्रंथ: सात लॅटिन, धर्मविधींचे, सात ग्रीक, तत्त्वज्ञानाचे. ग्रंथ अगदी नवेकोरे दिसत होते म्हणे! प्रेटर (न्यायाधिकारी) पेटिलियसने वाचून ते धर्माला घातक ठरवले आणि सिनेटच्या संमतीने भर कोमिटियममध्ये (रोमच्या सभाचौकात) जाळले. त्यात पायथागोरसची शिकवण असल्याचंही काहींनी लिहून ठेवलंय. तो तर नूमानंतर शतकाहून अधिक काळाने झाला.

प्रश्नकर्ता: सहा दिवसांचा उलगडा झाला, आभार. मग जानुस देवाच्या मंदिराचं दार (युद्धात उघडं, शांततेत बंद ठेवायचं ते) नूमाच्या काळात ४३ वर्षं बंद होतं, हेही त्याच खात्यातलं?

प्रतिसाद ३: हो, तसंच धरा. त्यानंतर ते बंद झाल्याची नोंद थेट कार्थेजविरुद्धच्या पहिल्या प्यूनिक युद्धानंतरची, इ.स.पू. २३५ ची. मग ऑगस्टसने इ.स.पू. २९ मध्ये केलं.