माइनक्राफ्ट पार्कूर मॅप: आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांना एकत्र खेळता येईल असा कोणता घ्यावा?

ओसरी:
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत माझी धाकटी बहीण तिच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आठवडाभर आमच्याकडे राहायला येत आहे. माझा मुलगा अकरा वर्षांचा असून तो लॅपटॉपवर माइनक्राफ्टची जावा आवृत्ती खेळतो. भाची टॅबलेटवर खेळते. दोघांनाही सध्या पार्कूरचे, म्हणजे ब्लॉकवरून ब्लॉकवर उड्या मारत शेवट गाठण्याचे वेड लागले आहे. मागच्या भेटीत मुलाने कुठून तरी उतरवून घेतलेला एक मॅप तिला लॅपटॉपवर लावून दिला, तेव्हा ती तिसऱ्याच उडीला अडकली आणि तीसेक वेळा पडल्यावर डोळ्यांत पाणी आणून उठून गेली. दोघांना आपापल्या यंत्रावर एकाच वेळी खेळता येईल असा, फार अवघड नसलेला तयार मॅप कोणी सुचवेल का? मला स्वतःला हा खेळ येत नाही, त्यामुळे जरा सविस्तर सांगितल्यास बरे होईल.

कोनाडा:
हीलके या नावाने मॅप बनवणाऱ्याचा 'पार्कूर स्पायरल' डोळे मिटून घ्यावा. एका प्रचंड मनोऱ्याभोवती वळसे घेत वर चढत जाणारी वाट आहे, टप्प्याटप्प्यावर देखावा बदलतो आणि मध्ये चेकपॉइंट असल्यामुळे पडल्यावर पार तळापासून सुरुवात करावी लागत नाही. आमच्या घरी मोठ्या माणसांनीही तो आवडीने खेळला आहे.

धुनी:
कोनाडा यांनी सुचवलेला मॅप उत्तम आहे, मात्र ओसरीताईंची अडचण मॅपच्या अलीकडची आहे. जावा आवृत्ती आणि टॅबलेटवरची बेडरॉक आवृत्ती हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. जावासाठी बनवलेला मॅप टॅबलेटवर जसाच्या तसा उघडत नाही आणि या दोन आवृत्त्यांतले खेळाडू एका जगात थेट भेटूही शकत नाहीत. मॅपचे रूपांतर करून देणारी 'चंकर'सारखी साधने आहेत, पण त्यांतून भिंती आणि ब्लॉक सुखरूप येतात, तर चेकपॉइंट चालवणारे कमांड ब्लॉक (खेळाला आज्ञा देणारे खास ब्लॉक) बहुधा नव्याने लिहावे लागतात, आणि चेकपॉइंट नसलेला पार्कूर मॅप आठ वर्षांच्या मुलीपुढे ठेवणे म्हणजे तिला पुन्हा रडवणे होय.

सुदैवाने जून 2022 पासून विंडोजवर जावा आणि बेडरॉक या दोन्ही आवृत्त्या एकत्रच मिळतात आणि ज्यांनी आधी एकच घेतली होती त्यांनाही दुसरी देण्यात आली. म्हणजे तुमचा लॅपटॉप विंडोजचा असेल, तर लाँचरमध्ये, म्हणजे खेळ सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बेडरॉक आवृत्ती बहुधा आधीपासूनच असेल. ती उतरवून घ्यावी, लॅपटॉप आणि टॅबलेट दोन्हींवर खेळ अद्ययावत करावा आणि दोन्ही यंत्रे घरच्या एकाच वायफायवर ठेवावीत. मुलाने जग उघडले की ते भाचीला मित्रांच्या यादीत दिसू लागेल. मुलांची खाती लहान वयाची म्हणून नोंदवलेली असतील, तर इतरांसोबत खेळण्याची परवानगी पालकांच्या खात्यातून द्यावी लागते, हे काम पाहुणे येण्याआधीच उरकून ठेवा.

मुलगा पुढे एकटा जावावर जुने मॅप खेळणार असेल, तर मॅप ज्या आवृत्तीसाठी बनवला आहे तीच लाँचरमध्ये निवडायला त्याला सांगा. 2016 मधील 1.9 या आवृत्तीत शिडीची जाडीसुद्धा बदलली होती, आणि पार्कूरमध्ये तेवढ्या फरकानेही एखादी उडी सोपी किंवा अशक्य होते.

खडीसाखर:
मी थोडा वेगळा सल्ला देते. तयार मॅप शोधण्यापेक्षा मुलालाच सुट्टीआधी दोन-तीन संध्याकाळी एक मॅप बनवू द्या; खेळाची मापे एकदा कळली की वीस उड्यांची वाट बांधणे अवघड नाही, आणि बहिणीसाठी बांधायची म्हटल्यावर तो स्वतःच्या फुशारकीला जरा आवर घालेल अशी आशा करू या.

मापे अशी आहेत. उभ्या उडीत खेळाडू साधारण सव्वा ब्लॉक वर जातो, म्हणून एका ब्लॉकची पायरी चढता येते, पण कुंपण दिसायला एक ब्लॉक उंच असले तरी खेळ ते दीड ब्लॉक धरतो, त्यामुळे त्याच पातळीवरून त्यावर उडी बसत नाही. पुढे जाताना दोन ब्लॉकांची फट न धावताही पार होते. धावत उडी मारली तर सपाटीवर चार ब्लॉकांपर्यंत आणि एक पायरी वर चढायची असेल तर तीन ब्लॉकांपर्यंतची फट ओलांडता येते. चार ब्लॉकांची उडी मात्र अगदी कडेवरून घ्यावी लागते आणि त्याआधी धावायला जागा लागते. माझा अंदाज असा की भाची अडकली ती तिसरी उडी याच जातीची असावी. टॅबलेटवर बोटाने कडेचा नेमका क्षण साधणे कीबोर्डपेक्षा पुष्कळ कठीण असते. म्हणून पहिल्या दहा उड्या एक आणि दोन ब्लॉकांच्या ठेवाव्यात, पुढच्या तीन ब्लॉकांच्या, आणि चारची एकच, तीही अगदी शेवटी. चिखलगोळ्यासारखा उसळणारा स्लाइम ब्लॉक आणि घसरणारा बर्फ मुलांना फार आवडतो, तेव्हा ते अधूनमधून पेरावेत. मधाचा ब्लॉक उडी आखूड करतो, तो टाळलेला बरा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. पडद्यावरच्या भुकेच्या पट्टीवर कोंबडीच्या तंगड्यांची चित्रे असतात; तीन किंवा त्याहून कमी तंगड्या उरल्या की खेळाडूला धावताच येत नाही, आणि धावत्या उड्यांनी भूक झपाट्याने लागते. जग 'पीसफुल' या सर्वांत सोप्या काठिण्यावर ठेवले की हा प्रश्नच उरत नाही.

ओसरी:
धुनी, तुमच्यामुळे लॅपटॉपवर बेडरॉक आवृत्ती सापडली. आम्ही तो पैसे देऊन घ्यायचा निराळा खेळ समजत होतो. खडीसाखर, मुलगा बांधायला एका पायावर तयार आहे. परंतु पडल्यावर काय व्हावे, यावरून आमच्याकडे वाद आहे. त्याला खाली लाव्हा हवा आहे. मला कमांड ब्लॉक वगैरे समजत नाही आणि भाचीने वारंवार मरावे हेही नको आहे.

खडीसाखर:
लाव्हा मुळीच नको. नुसती जमीनही नको, कारण पहिल्या तीन ब्लॉकांनंतर दर ब्लॉकला अर्धे हृदय जाते. दहा ब्लॉकांवरून पडली की दहापैकी साडेतीन हृदये गेली, म्हणजे लागोपाठ तिसऱ्या पडण्याला खेळ खलास. खाली दोन ब्लॉक खोल पाणी भरावे आणि प्रत्येक चेकपॉइंटला पाण्यातून वर येणारी शिडी लावावी. इजा नाही, मरण नाही, कमांड ब्लॉकही नाही. दर पाच उड्यांनंतर तीन बाय तीनचा एक ओटा बांधला की तोच चेकपॉइंट झाला.

कोनाडा:
या रचनेत एक पळवाट आहे. पडलेले मूल पुढच्या ओट्याच्या शिडीपर्यंत पोहत जाईल आणि मधल्या उड्या चुकवेल. माझी पुतणी तर मुद्दाम पडली असती.

खडीसाखर:
खरे आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. मग प्रत्येक ओट्याखाली काचेची आडवी भिंत घालून पाण्याचे वेगळे हौद करावेत आणि प्रत्येक हौदात शिडी फक्त त्या टप्प्याच्या सुरुवातीच्या ओट्याला लावावी. भिंत काचेची असली की पुढे गेलेला भाऊ मागच्या हौदात पोहणारी बहीण पाहू शकतो, एवढीच काय ती चिडवाचिडवी शिल्लक राहील.

ओसरी:
पाहुणे परवा येत आहेत. चार हौद बांधून झाले आहेत, पाचव्यात मुलाने मला न विचारता लाव्हा भरला होता, तो काढायला लावला आहे. सगळी वाट मी स्वतः टॅबलेटवर खेळून पाहिली: पहिला ओटा मला सहाव्या प्रयत्नात गाठता आला, आणि दुसऱ्या टप्प्यातली एक तीन ब्लॉकांची उडी मी त्याला दोनची करायला सांगितली आहे.