आयर्लंडमधली ब्रिटिश दुकानं मंदीने नाही, भाड्याने मेली

डब्लिनकर
परवा वाणीआळी यांनी लिहिलं, "२००८ नंतर आयर्लंडमधून ब्रिटिश दुकानं गेली त्याचं दुःख कसलं? चांगल्या दिवसांत मलई खाल्ली, वाईट दिवस येताच गाशा गुंडाळला. परदेशी साखळ्या अशाच असतात." वाचून राहवलं नाही.

मी २००६ ते २०१४ डब्लिनला होतो. त्यातली तीन वर्षं शनिवार-रविवार एका ब्रिटिश कपड्यांच्या दुकानात गल्ल्यावर उभा होतो. गिऱ्हाईक रोडावलं, कबूल. पण दुकान बुडालं ते भाड्यापायी. जुन्या करारांत दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार व्हायचा आणि भाडं फक्त वर जायचं, खाली येणं करारातच नाही. बाजार निम्म्यावर आला तरी भाडं तेजीतलंच. फेब्रुवारी २०१० च्या अखेरीपासून नव्या करारांत या अटीला बंदी आली, जुन्यांना मात्र हात लावला नाही. २०११ मध्ये नवं सरकार आलं, जुन्यांचंही बघू म्हणालं आणि डिसेंबरात मालमत्तेच्या घटनादत्त हक्काकडे बोट दाखवून मागे फिरलं.

बी अँड क्यू या घरदुरुस्तीच्या सामानाच्या ब्रिटिश साखळीचंच बघा. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी कोर्टाचं संरक्षण घेतलं. नऊपैकी वॉटरफर्डचं दुकान गेलं, पण भाडी उतरवून घेता आली म्हणून बाकीची आठ वाचली. गिऱ्हाईक तेच, मंदीही तीच. बदललं ते भाडं.

वाणीआळी
भाडं कुणी बंदुकीच्या धाकावर लिहून घेतलं नव्हतं. तेजीत ग्राफ्टन स्ट्रीटवर, डब्लिनच्या त्या महागड्या बाजाररस्त्यावर, जागा मिळावी म्हणून हेच लोक एकमेकांवर बोली चढवत होते. तेव्हा करार वाचला नव्हता का? आणि आल्डी, लिडल या किराणा साखळ्या काय आयरिश आहेत? जर्मनच ना? त्याच मंदीत त्यांची दुकानं वाढली. लोकांना स्वस्त हवं होतं, त्यांनी स्वस्त दिलं. बाकीच्यांना जमलं नाही.

माझ्या वडिलांचं साताऱ्यात किराणा दुकान होतं, एकेचाळीस वर्षं. उधारीची लाल वही अजून माझ्याकडे आहे. शेजारी चकचकीत मॉल आला आणि चार वर्षांत आम्ही फळ्या लावल्या. नंतर तो मॉलही बंद पडला. त्या गल्लीत आता धड किराणा मिळत नाही. २०१२ मध्ये सरकारने परदेशी दुकानांना ५१ टक्क्यांची वाट मोकळी केली तेव्हा मी मोर्च्यात होतो. म्हणून या लोकांसाठी माझे अश्रू नाहीत.

डब्लिनकर
वडिलांच्या दुकानाचं वाईट वाटलं, मनापासून. पण आल्डी-लिडल शक्य तिथे जागा विकत घेऊन स्वतःचं दुकान बांधतात. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

आणि भाड्याने देशी-परदेशी पाहिलं नाही. ग्राफ्टन स्ट्रीटवरचं ब्युलीज, अस्सल डब्लिनचं कॉफीहाऊस. करार १९८७ चा, भाडं वर्षाला सुमारे साडेचौदा लाख युरो. भाडं उतरावं म्हणून ते कोर्टात गेले, हायकोर्टात जिंकले आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. हेही मलई खाऊन पळणारे का?

समिधा
दोघेही एक गोष्ट विसरताय. लोक न्यूरीला जात होते!

आम्ही ड्रॉहेडाला राहायचो. पाऊण तासात हद्द ओलांडून उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीत, म्हणजे ब्रिटनच्या कारभारात, पौंडाच्या बाजारात. २००८ च्या डिसेंबरात पौंड इतका घसरला की जवळजवळ युरोच्या बरोबरीला आला. त्यात ब्रिटनने व्हॅट १५ टक्क्यांवर आणला आणि इकडे त्याच महिन्यात साडेएकवीस केला. नाताळाआधी न्यूरीच्या सेन्सबरी सुपरमार्केटबाहेर गाड्यांची ही रांग, नंबराच्या पाट्या बघाव्या तर निम्म्या आमच्याकडच्या.

मला खरा राग आला तो लेबल बघून. इकडच्या एका ब्रिटिश दुकानात मुलीसाठी स्वेटर घेत होते. युरोच्या किमतीची नखभर चिकटपट्टी होती, ती सोलली तर खाली पौंडातली किंमत. २० पौंड आणि वर ३२ युरो! पौंड घसरून महिने झाले होते, हे अजून जुन्याच दराने वसूल करत होते. स्वेटर तिथेच ठेवला आणि त्या शनिवारी आम्ही पहिल्यांदा न्यूरीला गेलो.

कॉर्कवासी
समिधाताई, राग मानू नका, पण तुमच्यासारख्यांनीच इकडचे रोजगार घालवले. देश गाळात, बेरोजगारी १४-१५ टक्क्यांवर आणि तुम्ही डिकी भरून पलीकडच्या सरकारला कर देऊन येता. अर्थमंत्री ब्रायन लेनिहान यांनी लोकांच्या देशप्रेमाला हात घातला तो उगाच नाही. आम्ही कॉर्कला महागाचं घेतलं, पण इथलं घेतलं.

समिधा
कॉर्कहून न्यूरी साडेतीनशे किलोमीटर. जाता येत नाही म्हणून न जाणं याला देशप्रेम म्हणू नका.

नवऱ्याचा पगार २००९ मध्ये कापला गेला. घरात दोन लहान मुलं. दर महिन्याला डायपर, दुधाची पावडर आणि साबण-पावडर यांतच ऐंशी-नव्वद युरो वाचायचे, तेवढ्यात वीजबिल निघायचं. ज्यांनी बँका बुडवल्या त्यांना जाब नाही आणि देशप्रेम दाखवायचं मी, डायपर महाग घेऊन? पुढच्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात दारूवरचा कर लेनिहान यांनी स्वतःच उतरवला, लोक पलीकडे जातात म्हणून. म्हणजे चूक किमतीत होती, हे त्यांनीच मानलं.

कॉर्कवासी
दारूचा मुद्दा मान्य. बाकीचा नाही. माझी बायको त्या काळात दुकानात होती, तिचे तास ३५ वरून १६ वर आले. तिला हे वाचून दाखवलं तर ती माझ्यापेक्षा कडक बोलेल.

समिधा
बोलू दे. तिचे तास मी कापले नाहीत. चिकटपट्टी लावणाऱ्यांनी कापले.

वाणीआळी
न्यूरी पुरे झालं. डब्लिनकर, ब्युलीजचं मला माहीत नव्हतं. भाड्याचा मुद्दा तुमचा, घ्या. तेवढाच. पण एकाचं उत्तर द्या. डेबनहॅम्स या ब्रिटिश साखळीने एप्रिल २०२० मध्ये अकरा दुकानांतल्या हजारेक लोकांना वाऱ्यावर सोडलं. युनियनशी ठरलेली जास्तीची भरपाई दिली नाही आणि बायका ४०६ दिवस दारात बसल्या. त्याआधी लिमरिकला एचएमव्ही या ब्रिटिश संगीत-दुकानाची पोरं २०१३ च्या जानेवारीत पगारासाठी दुकानातच ठाण मांडून बसली. यात भाडं कुठे आलं? आयरिश कंपनी वेगळी दाखवायची, ती बुडवायची आणि लंडनच्या मालकाने हात झटकायचे. आमचं दुकान बंद झालं तेव्हा वडिलांनी बायकोचे दागिने मोडून हमालाचा हिशेब चुकता केला.

डब्लिनकर
याचं उत्तर माझ्याकडे नाही. यात तुम्ही बरोबर आहात, आणि मला ते कबूल करायला आवडत नाही.

आमचं दुकान बंद झालं तो मंगळवार होता. शटर अर्ध्यावर. मॅनेजरला फोनवरूनच कळलं. एकोणीस वर्षं काम केलेल्या एक आयरिश बाई ट्रायल रूमपाशी खाली बसून कपड्यांवरचे चोरी रोखणारे टॅग काढत होत्या. "आता कशाला?" मी विचारलं. म्हणाल्या, "माल परत जाईल ना, टॅग काढलेले बरे." संध्याकाळी सहापर्यंत त्या काढत होत्या.

वाणीआळी
त्यांचं पुढे काय झालं?

डब्लिनकर
कंपनीने छदाम दिला नाही. सरकारी निधीतून कायद्याने मिळतात तेवढे मिळाले, वर्षाला दोन आठवडे आणि वर एक, म्हणजे ३९ आठवड्यांचा पगार, तोही आठवड्याला ६०० युरोच्या मर्यादेत. मिळायला सात महिने लागले. दोन वर्षांनी लिडलमध्ये दिसल्या, पहाटेच्या पाळीत पाव लावताना. मला नावाने ओळखलं.